दहा राग आणि एक ठेका

सोलापूरच्या सात रस्ता चौकात परगावचा पाहुणा प्रथमच आला म्हणजे तो आधी रस्ते मोजू लागतो. मोजता मोजता एखादी रिक्षा मध्ये येते, गणती चुकते आणि बिचारा पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो. आम्हा गावकऱ्यांना त्याचे काही वाटत नाही. सात रस्ते आहेत एवढे ठाऊक असले की पुरे. रोजच्या जाण्यायेण्याला आपल्याला त्यांतले दोनच लागतात. माणसाच्या कानांचेही असेच असते, हे मला याच चौकाजवळच्या एका माडीवर कळले. त्याचीच ही हकीकत.

त्या माडीवर माझे एक स्नेही राहतात. नोकरीतून मोकळे झाल्यापासून त्यांनी तबकड्या जमवण्याचा नाद लावून घेतला आहे. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी सहज टेकलो, तेव्हा त्यांनी काही न बोलता एक तबकडी लावली. आधी ठेका सुरू झाला; तबल्याचा नव्हे, यंत्राचा. एकसारखा, न थकणारा, न चुकणारा. त्याच्या जोडीला खर्जातला एक सूर पाण्यातल्या बुडबुड्यासारखा वर येई आणि फुटे. आणि या साऱ्यावर कोणीतरी अगदी स्वस्थ चित्ताने भैरवी आळवू लागले.

"कोणा नव्या पोराचा उद्योग दिसतो," मी म्हणालो.

"नवा कुठला? ओ मास्तर, तुम्ही पाळण्यात होता तेव्हाचं आहे हे!" स्नेह्यांनी वेष्टन माझ्यापुढे धरले. नाव होते ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. वादक चरणजित सिंग, मुंबई. साल १९८२.

भैरवी झाली, ललत झाला. तिसरा राग लागला तो भूप. सा, रे, ग, प, ध. शाळेतल्या प्रार्थनेमुळे ज्याचे सूर लहान पोरालाही परके वाटत नाहीत, तो भूप. तो ऐकताना मात्र मी खुर्चीत चुळबूळ करू लागलो. त्याचे कारण पुढे येईल. आधी या तबकडीची हकीकत सांगितली पाहिजे, आणि ती सांगायची तर आपल्या पेटीपासून सुरुवात केली पाहिजे.

पेटी ही आपल्याकडे सासरी आलेली सून. पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँ या कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचे एकस्व घेतले. ते वाद्य पायांनी भाता मारून वाजवायचे. मिशनऱ्यांबरोबर ते हिंदुस्थानात आले. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला आपल्या बैठकीत मांडी घालून बसायला शिकवले. म्हणजे भाता हाताने मारायचा, आणि दुसऱ्या हाताने सूर काढायचे. किर्लोस्करांचे शाकुंतल १८८० साली रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. त्या युगात ही पेटी महाराष्ट्रात अशी काही रुळली की, ती कधीकाळी परकी होती यावर आता पोरे विश्वास ठेवीत नाहीत. भजनी मंडळापासून ख्यालाच्या मैफलीपर्यंत तिच्यावाचून कोणाचे चालेना.

परंतु सून कितीही राबली तरी तिच्या माहेराचा उद्धार व्हायचा तो होतोच. पेटीवरचा आरोप खोटा नव्हता. आपले गाणे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाते. त्या घसरण्यालाच मींड म्हणतात. पेटीची पट्टी दाबली की सूर वाजला, सोडली की मेला. मधली वाट नाहीच. शिवाय सप्तकाचे बारा ठरीव भाग पाडले की श्रुतींचा बारकावा गेला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, ई. क्लेमंट्स या आय. सी. एस. अधिकाऱ्याच्या साह्याने श्रुतींची पेटीही तयार झाली. पण ती सामान्य वादकाच्या हाती रुजली नाही.

पुढे प्रकरण आकाशवाणीपर्यंत गेले. त्यातली मौज अशी की, या परक्या वाद्याविरुद्ध मोठ्याने बोलणाऱ्यांत एक इंग्रज संगीतकारच होता. जॉन फोल्ड्स हे दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख; त्यांनी १९३८ साली रेडिओच्याच पाक्षिकात हार्मोनियमच्या नावावर कोटी करून तिच्यावर झोड उठवली. आपल्यांपैकी रवींद्रनाथांनाही पेटी मानवत नसे. १९४० च्या जानेवारीत त्यांनी कलकत्ता केंद्राला तसे पत्रच लिहिले. त्याच वर्षीच्या १ मार्चपासून आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली. ती अंशतः उठायला १९७१ साल उजाडावे लागले. म्हणजे एकतीस वर्षे गवई घरी पेटीवर रियाज करीत, मैफलीत पेटीची साथ घेत आणि रेडिओच्या दाराशी आल्यावर तिला बाहेर ठेवीत. देवळाबाहेर वहाणा ठेवाव्यात तशी.

या साऱ्या वादात कोणी फारसे विचारले नाही ते एवढेच, की जो पेटी वाजवतो त्या माणसाचे काय? साथीदार हा मैफलीतला अर्धा प्राणी. गवयाने घेतलेली जागा त्याने क्षणात उचलायची. ती चांगली उचलली तर टाळी गवयाला, चुकली तर नजर साथीदाराकडे. त्यातून पुढे येऊन स्वतःच्या नावाने उभे राहिलेले गोविंदराव टेंबे यांच्यासारखे विरळा. भास्करबुवा बखल्यांची साथ करणाऱ्या या माणसाने १९११ साली मानापमानाला चाली दिल्या आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात हरिश्चंद्रही रंगवला. पट्ट्यांवर बोटे फिरवणारा माणूस मागच्या रांगेतून पुढे येण्याची धडपड साऱ्या जगात चालली होती. विलायतेत रॉक संगीतातल्या रिक वेकमनने १९७३ साली आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांवर एक अख्खी तबकडी केली. तीत गायकाने सांगण्याची कथा नाही. प्रत्येक राणीचे व्यक्तिचित्र पट्ट्यांच्या वाद्यांतून उभे केलेले आहे.

चरणजित सिंग हे त्याच मागच्या रांगेतले. जन्म १९४० चा. मुंबईच्या चित्रपटसंगीतात त्यांनी वर्षानुवर्षे वाद्ये वाजवली. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन अशा मोठमोठ्या संगीतकारांच्या वाद्यवृंदांत ते असत. हाती कधी बास गिटार, कधी ट्रान्झिकॉर्ड नावाचे पट्ट्यांचे विजेवरचे वाद्य. त्या काळात गाण्याच्या तबकडीवर गायकाचे नाव असे, संगीतकाराचे असे. वादकाचे नाव शोधू जाल तर हाती काही लागत नसे. लग्नसमारंभातून आणि पार्ट्यांतूनही ते वाद्यवृंद घेऊन वाजवीत. पत्नी सुपर्णाबाई गात. त्यांच्या स्वतःच्या नावाने काही तबकड्या निघाल्या होत्या, पण त्यांत दुसऱ्यांच्या लोकप्रिय गाण्यांचे सूर वाजवलेले. स्वतःच्या मनातली गोष्ट अजून राहिलीच होती.

मग डिस्को आला. १९८० सालच्या ‘कुर्बानी’ने त्याला दार उघडून दिले, १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’ने तो घरचाच होऊन बसला. ज्याला त्याला तो ठेका हवा. चरणजित सिंगांनी विचार केला, ठेका तोच ठेवू. फक्त तबला काढून घेऊ आणि त्या ठेक्यावर राग वाजवू. कल्पना एवढीच. पण त्यांच्यापाशी नुकतीच आलेली तीन जपानी यंत्रे होती, तिन्ही रोलँड कंपनीची. एक तालाचे, १९८० साली निघालेले. एक खर्जाचे, १९८१ च्या अखेरीस निघालेले. हे मुळात एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला साथ मिळावी म्हणून बनवले होते. आणि तिसरा ज्युपिटर-८ नावाचा सिंथेसायझर. तो मात्र हातांनी वाजवायचा.

पहिल्या दोन यंत्रांची गंमत सोलापूरच्या माणसाला चटकन समजेल. आमची चादर जेकार्डवर विणतात. नक्षी आधी पुठ्ठ्यांवर भोके पाडून लिहून ठेवायची. जिथे भोक तिथे उभा धागा उचलला जातो, जिथे नाही तिथे खाली राहतो. पुठ्ठ्यांची माळ फिरत राहते आणि मोर, फुले, वेलबुट्टी चादरीवर उमटत जातात. हे खर्जाचे यंत्रही तसेच. सोळा घरे, प्रत्येक घरात सूर हवा की नको, वरचा की खालचा, जोर द्यायचा की नाही, हे आधी नोंदवून ठेवायचे. मग यंत्र ती नक्षी फिरवीत राहते. हा झाला ताणा, आधीच ताणून ठेवलेला. त्यातून हाताने धोटा फेकून बाणा भरायचा, तो राग. पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात दिवसभर उभ्या राहणाऱ्या आमच्या माणसांना यात चमत्कारिक असे काही वाटणार नाही. त्या एकसुरी आवाजावर मनातल्या मनात गाणे गुणगुणत त्यांनी आयुष्य काढले आहे.

आणखी एक गोष्ट. पेटीवर जो मुख्य आरोप होता, मींड नाही, तो या यंत्रांना लागू पडत नव्हता. खर्जाच्या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, सिंथेसायझरमध्येही होती. बारा घरांचा दोष राहिलाच. श्रुतींचा हिशोब करणाऱ्याने नाक मुरडले तर त्याला मी अडवणार नाही. पण ज्या घसरणीसाठी पेटी एकतीस वर्षे रेडिओबाहेर उभी होती, ती तिच्या या नव्या चुलत भावंडाने जन्मतःच आणली होती. चरणजितांनी ती ओळखली. यंत्रे हजारो लोकांनी विकत घेतली असतील. त्यांतून राग निघू शकेल असे ऐकू येणारा कान या एका माणसाला होता.

तबकडीच्या दोन बाजूंवर पाच-पाच राग. प्रत्येकाला सुमारे पाच मिनिटे. पहिल्या बाजूला भैरवी, ललत, भूप, तोडी, मधुवंती. दुसरीवर मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि शेवटी बैरागी. जाणकाराच्या लक्षात आले असेल की, ज्या भैरवीने आपली मैफल संपते तिने ही सुरू होते. पहाटेचा ललत आणि सकाळची तोडी यांच्यामध्ये रात्रीच्या पहिल्या प्रहरातला भूप येऊन बसला आहे. प्रहरांचा हिशोब पार मोडलेला. मला प्रथम हे खटकले. मग वाटले, नाचघरात घड्याळ असतेच कुठे? शिवाय यंत्राचा ठेका थकत नाही, त्याला ना पहाट ना संध्याकाळ. त्या बिनप्रहराच्या ठेक्यावर प्रत्येक रागाला आपापला प्रहर सोबत घेऊन यावा लागतो, आणि तो येतो. मालकंस लागला तेव्हा खाली चौकात रहदारी ऐन भरात होती. तरी माडीवर मध्यरात्र झाली, हे मी स्वतः अनुभवले आहे.

पण १९८२ साली हे कोणाला सांगणार? शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला त्यात डिस्को ऐकू आला, डिस्कोच्या श्रोत्याला शास्त्रीय. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने काढलेली ती तबकडी दुकानातच राहिली. चरणजित सिंग निमूटपणे आपल्या नेहमीच्या वाजवण्याकडे वळले.

दरम्यान जगाच्या दुसऱ्या टोकाला काय घडले पाहा. रोलँडचे ते खर्जाचे यंत्र गिटारवाल्यांना पसंत पडले नाही. सुमारे दहा हजार नग निघाल्यावर १९८४ साली ते बनवणेच बंद झाले. नग जुन्या बाजारात स्वस्तात येऊन पडले. अमेरिकेतल्या शिकागोत काही तरुणांनी असेच एक घेतले, त्याच्या खुंट्या वेड्यावाकड्या फिरवून विचित्र आवाज काढले, आणि १९८७ साली ‘फ्यूचर’ या नावाने ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही तबकडी काढली. तिने नाचघरांच्या संगीताचा एक संप्रदायच सुरू केला. ‘ॲसिड हाउस’ त्याचे नाव. युरोपात तरुण पिढी त्यावर रात्ररात्र नाचली.

मग २००२ साली एडो बौमन नावाचा एक डच तबकडीशौकीन दिल्लीत आला. एका दुकानात त्याला ही मुंबईची तबकडी सापडली. ऐकून तो थक्क झाला. शिकागोच्या पाच वर्षे आधी हा आवाज इथे, आणि तोही रागांत बांधलेला! पुढे त्याने चरणजितांना मुंबईत गाठले, आणि २०१० साली तबकडी नव्याने काढली. तेव्हा कित्येकांचा विश्वासच बसेना. कोणा युरोपीय वादकाने थट्टेखातर जुन्या तबकडीचे सोंग आणले असावे, असा संशयही लोकांनी घेतला. सोंग नव्हे हे पटले, तेव्हा सत्तरी उलटलेल्या या वादकाला युरोपातून बोलावणी आली. तिथल्या तरुण श्रोत्यांसमोर त्यांनी ते दहा राग पुन्हा वाजवले. जुलै २०१५ मध्ये ते मुंबईत वारले.

आता कोणी म्हणतात, चरणजित सिंग हेच त्या संप्रदायाचे जनक. मला हे पटत नाही. ज्याचा वंश चालला त्याला जनक म्हणावे. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकून काही केले असे दिसत नाही. एकाच यंत्राच्या पोटात दडलेला आवाज दोघांना दोन ठिकाणी सापडला, एवढेच. त्यांना उसनी पदवी दिल्याने त्यांचे काम मोठे होत नाही. उलट पदवी न देता ऐकले तरच ते काम नीट कळते. कारण शिकागोत यंत्राने माणसाला नव्या वाटेने नेले. मुंबईत माणसाने यंत्राला आपल्या जुन्या वाटेने चालवले.

मनाला टोचते ते वेगळेच. पेटी वाईट, असे सांगणाऱ्यांत एक परका माणूस होता, आणि आपण तिला रेडिओवरून बाहेर काढले. तबकडी चांगली, हेही परक्या माणसाने सांगितले, आणि आपण ती शोधू लागलो. मधली वीस वर्षे ती आपल्याच दुकानात होती. आपले कान त्या वेळी कुठे होते?

हा प्रश्न दुसऱ्याला विचारणे सोपे आहे. म्हणूनच आता भुपाचे कारण सांगतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमांची निवड होती, आणि निवड करणाऱ्या तिघांत मी एक होतो. आठवीतला एक मुलगा कीबोर्ड घेऊन आला. बाप यंत्रमागावर कामाला. वाद्य चुलत्याच्या बँडमधले, दोन पट्ट्या तुटलेले. त्याने कळ दाबून ठेका सुरू केला आणि त्यावर भूप वाजवू लागला. मिनिटभरही झाले नसेल, मी हात वर केला.

"अरे, हे काय लावलंयस? राग आहे तो. पेटीवर वाजव, आणि हा धडधडाट बंद कर."

"सर, घरी असाच वाजतंय," तो म्हणाला. "तिकडं माग सुरू असतेत. त्या आवाजावरच बसवलाय मी."

आम्ही तिघे हसलो. यादीतून नाव गेले. पेटीवर वाजवायला तो आला नाही. शाळेत पुन्हा कधी त्याने वाद्य आणलेही नाही. मी ते विसरून गेलो. ज्या पेटीला एकेकाळी परकी म्हणून बाहेर काढले होते, तिच्याच नावाने मी एका पोराच्या वाद्याला बाहेर काढले, हे त्या माडीवर बसेपर्यंत माझ्या ध्यानातही आले नव्हते.

त्या संध्याकाळनंतर मी चौकशी केली. मुलगा गावातच आहे, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. दसऱ्यानंतर एक दिवस सात रस्त्यावरच गाठ पडली. एका टेम्पोत सामान चढत होते. स्पीकर, तारांची वेटोळी, आणि चादरीत गुंडाळलेला कीबोर्ड. त्याने मला आधी ओळखले आणि वाकून नमस्कार केला. मला तेही जड गेले.

मी विचारले, "अरे, तो भूप आठवतो का तुला?"

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग हसला. "आठवतो की, सर. पाहुणे जेवायला बसले की वाजवतो. तेव्हा कोण ऐकत नाही, म्हणून आपल्याला पाहिजे ते वाजवता येतं."

"ठेका लावून?"

"ठेक्याशिवाय कसा वाजेल?"

मी त्याला त्या तबकडीविषयी सांगितले. मुंबईचा एक वादक, लग्नातही वाजवणारा, दहा राग, हाच ठेका. तो ऐकत होता, पण ड्रायव्हर भोंगा वाजवू लागला. "सर, मांडव गाठायचाय," तो म्हणाला. "अक्कलकोट रोडला आहे. या की जेवणाच्या टायमाला."

टेम्पो निघाला. सातांपैकी ज्या रस्त्याने तो गेला तो माझ्या रोजच्या दोनांतला नव्हता. घरी येऊन मी बंडी काढून ठेवली, पाणी प्यालो, आणि पुन्हा सदरा चढवला. जेवणाची वेळ अजून टळली नव्हती. बिनबोलावता नव्हे, बोलावणे आले होते. फक्त ते सोळा वर्षे उशिरा ऐकू आले होते.